मराठीच्या आधाराने जपानी: पहिल्या सहा महिन्यांची वाटचाल

जपानी शिकायला आलेली जवळपास प्रत्येक नवी तुकडी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'दे' या एका प्रत्ययापाशी अडखळते. आपल्याकडे वापरली जाणारी बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीतून आहेत आणि त्यांत या एका अक्षराचा अर्थ सांगण्यासाठी इंग्रजीतले चार वेगवेगळे शब्द दिलेले असतात. मी स्वतः शिकत होते तेव्हा ते चारही शब्द घोकले होते आणि तरीही प्रत्येक वाक्यात नेमका कोणता लागू होतो याचा हिशोब मनातल्या मनात करत बसत असे. पुढे मी शिकवू लागले, तेव्हा फळ्यावर 'बासु दे इकिमासु' हे वाक्य लिहून त्याचे इंग्रजी भाषांतर सांगत असताना मागच्या बाकावरच्या एका गृहिणीने विचारले, "बाई, म्हणजे आपलं 'बसने जातो'च ना?" तिचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. 'बासु' म्हणजे बस, 'दे' म्हणजे 'ने', 'इकिमासु' म्हणजे 'जातो'. शब्दांचा क्रमही तोच होता. त्या दिवसापासून मी नवशिक्यांना पहिली सूचना हीच देते की, जपानी आणि आपण यांच्यामध्ये इंग्रजीला बसवू नये.

जपानी ही जगातल्या अवघड भाषांपैकी एक आहे, असे सर्वत्र वाचायला मिळते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना जपानीत कामापुरते प्रावीण्य यावे यासाठी वर्गातील सुमारे २,२०० तास धरते, आणि हा आकडा पाहून अनेक जण सुरुवातीलाच कच खातात. परंतु हा अंदाज इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी बांधलेला आहे, म्हणजे ज्यांचे क्रियापद वाक्याच्या मध्ये येते, ज्यांच्याकडे नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत नाहीत आणि ज्यांना 'तू' आणि 'आपण' यांतला फरक क्रियापदातून दाखवावा लागत नाही, अशांसाठी. मराठी माणसाला या तिन्ही गोष्टी घरातून मिळालेल्या असतात. लिपी मात्र आपल्यालाही तितकीच कष्टाने शिकावी लागते, हेही आरंभीच सांगून ठेवते. दोन्ही भाषांचे कूळ वेगळे आहे आणि खाली दाखवलेली साम्ये नात्यातून आलेली नाहीत. ती केवळ शिकणाऱ्याच्या सोयीची आहेत, आणि त्या सोयीचा पुरेपूर लाभ घ्यावा.

पहिली पायरी: कान आणि जीभ

पहिला आठवडा लिपीला हात न लावता केवळ ध्वनींना द्यावा. जपानी स्वर पाचच आहेत: आ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळींचा क्रम का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे आणि तो पाहताच आपली वर्णमाला आठवते. हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णशास्त्राच्या अभ्यासातून ही मांडणी जपानी ध्वनींना लावली. आज जिथे 'हा'ची ओळ आहे तिथे प्राचीन काळी 'पा' होता, हे लक्षात घेतले की न, प, म, य, र, व हा आपला परिचित क्रम पूर्ण होतो. शब्दकोशही याच क्रमाने लावलेला असतो, त्यामुळे ही ओळ पाठ करण्याचे श्रम पुढे वर्षानुवर्षे कामी येतात.

'ता'ची ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी चालते. 'त' मध्येच 'च' कसा होतो, हा प्रश्न नवशिक्याला पडतो, पण मराठी माणसाने स्वतःच्या तोंडाकडे लक्ष द्यावे. 'त्याचा' म्हणताना जीभ दातांशी लागते आणि 'त्याची' म्हणताना ती मागे टाळूकडे जाते. 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूल' या शब्दातला 'चू', फक्त ऱ्हस्व. 'ज'चेही तेच आहे: 'ज़ा' हा 'जाळे'मधला आणि 'जि' हा 'जीभ'मधला. 'सा'च्या ओळीत 'सि' नसून 'शि' आहे, आणि आपणही 'म्हैस'चे अनेकवचन 'म्हशी' असेच करतो. जे ध्वनी इतर भाषकांना महिनोन्महिने छळतात, ते आपल्या तोंडात आधीपासून बसलेले आहेत.

अनुस्वाराचीही तीच गोष्ट. जपानीत अनुस्वारासारखे एकच अक्षर आहे आणि पुढच्या व्यंजनाप्रमाणे त्याचा उच्चार बदलतो. 'शिंबुन' म्हणजे वर्तमानपत्र, यात तो 'अंबा'सारखा 'म्' होतो. 'होंतोओ' म्हणजे खरोखर, यात 'अंत'सारखा 'न्' होतो. 'गेंकि' म्हणजे खुशाल, यात 'अंक'सारखा नाकातून येतो. नियम पाठ करण्याची गरज नाही. मराठी वाचतो तसे वाचावे.

आपली खरी चूक होते ती 'ए' आणि 'ओ' या स्वरांच्या लांबीत. मराठीत इ-ई आणि उ-ऊ वेगळे आहेत, पण ओकाराला ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, आणि जपानीत त्याने अर्थच बदलतो. 'कोको' म्हणजे इथे आणि 'कोओकोओ' म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. म्हणून वहीत जपानी शब्द देवनागरीत उतरवताना लांब ओकार नेहमी 'ओओ' असा लिहावा आणि दोन मात्रा मोजत म्हणावा. जोडव्यंजनाचेही भान ठेवावे: 'किते कुदासाइ' म्हणजे 'या' आणि 'कित्ते कुदासाइ' म्हणजे 'कापा'. मात्र 'पत्ता' आणि 'कच्चा' बिनचूक म्हणणाऱ्याला हे जड जात नाही.

दुसरी पायरी: दोन लिप्या, तीन आठवडे

हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांत ४६ मूळ अक्षरे आहेत. हिरागाना आधी शिकावी. रोज पाच अक्षरे घेतली तर दहा दिवसांत ती पूर्ण होते. चौकटीच्या वहीत प्रत्येक अक्षर वीस वेळा गिरवावे, पण गिरवताना तोंडाने उच्चार करावा आणि रेघांचा क्रम चुकवू नये. क्रम चुकला तरी अक्षर ओळखू येते, म्हणून सुरुवातीला तो निरर्थक वाटतो. पुढे कांजीच्या, म्हणजे चीनहून आलेल्या अर्थवाही चिन्हांच्या, बारा-पंधरा रेघा हाताला आपोआप सुचायला लागतात, त्या याच सवयीमुळे. अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे दोन बारीक रेघा दिल्या की 'का'चा 'गा' आणि 'ता'चा 'दा' होतो, आणि 'हा'वर लहान वर्तुळ दिले की 'पा' होतो, त्यामुळे ही अक्षरे वेगळी शिकावी लागत नाहीत.

काताकानात परदेशी शब्द आणि परदेशी नावे लिहितात, म्हणून तिचा आरंभ स्वतःच्या नावापासून करावा. जपानीत र आणि ल असा भेद नाही आणि अनुस्वार सोडला तर शब्दाच्या शेवटी सुटे व्यंजन येत नाही, त्यामुळे 'कमल' हे नाव 'कामारु' होते. आपले नाव असे बदललेले पाहून विद्यार्थी हसतात, पण जपानी माणूस परका शब्द कसा ऐकतो हे त्यांना त्या एका नावातून समजते, आणि मग 'कोओहिइ' म्हणजे कॉफी हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

या तीन आठवड्यांनंतर रोमन लिपीतले जपानी वाचणे पूर्णपणे बंद करावे. जे ती कुबडी ठेवतात, ते सहा महिन्यांनीही 'त्सु'पाशी अडखळताना मी पाहिले आहेत.

तिसरी पायरी: वाक्य मराठीतून बांधावे

यासाठी एक वेगळी वही करावी. डाव्या पानावर जपानी वाक्य, उजव्या पानावर त्याचे शब्दास शब्द मराठी, आणि इंग्रजी कुठेही नाही. पहिल्या पानावर प्रत्यय लिहावेत: 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'नि' म्हणजे ला, 'कारा' म्हणजे हून किंवा पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'तो' म्हणजे शी किंवा बरोबर. 'तोमोदाचि नो इए' म्हणजे 'मैत्रिणीचे घर' आणि 'पुने कारा मुंबाइ मादे' म्हणजे 'पुण्याहून मुंबईपर्यंत'. प्रत्येक प्रत्यय नामाच्या मागे लागतो आणि क्रियापद शेवटी येते. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा: 'इकिमासु का' म्हणजे 'जाता का?' दुजोरा हवा असेल तर 'ने': 'सामुइ देसु ने' म्हणजे 'थंडी आहे ना!' आणि समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगायची असेल तर 'यो', जो आपल्या 'बरं का'च्या जागी चपखल बसतो. 'देसु'मधला शेवटचा उकार जवळजवळ ऐकू येत नाही, तो 'देस' असा म्हणावा.

क्रियापदाला लिंग, वचन आणि पुरुष यांचे बंधन नाही. मी, तू, तो, ती, ते सर्व जण 'इकिमासु'च. 'तो गेला, ती गेली, ते गेले' अशी सवय असलेल्यांना प्रथम काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

जिथे मराठी दिशाभूल करते अशा दोन जागा वहीत लाल शाईने नोंदवाव्यात. पहिली जागा 'त' या प्रत्ययाची. 'पुण्यात राहतो' आणि 'पुण्यात काम करतो' यांत आपण एकच 'त' वापरतो, परंतु जपानीत राहण्यासाठी, असण्यासाठी 'नि' लागतो आणि कृती जिथे घडते तिथे 'दे' लागतो. या एका फरकाची रोज दोन वाक्ये महिनाभर लिहिली, तरच तो अंगवळणी पडतो. दुसरी जागा 'वा' आणि 'गा' यांची. 'वा' हा कर्त्याचा प्रत्यय आहे असे शिकवले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. 'वा' म्हणजे 'त्याचं म्हणाल तर', अर्थात ज्याविषयी बोलायचे तो विषय पुढे ठेवणे. 'गा' मात्र नेमके कोण किंवा काय हे दाखवतो. नियमांपेक्षा पुष्कळ वाक्ये वाचूनच हे उमगते, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत त्यावर फार डोके शिणवू नये.

चौथी पायरी: 'ऊन'चे रूप

माझ्या मते मराठी भाषकाला सर्वांत मोठा आनंद देणारा भाग हा आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत रूक्षपणे शिकवला जातो. क्रियापदाचे एक रूप 'ते' किंवा 'दे'ने संपते. ते बनवण्याचे नियम घोकावेच लागतात: 'काकु' म्हणजे लिहिणे, त्याचे 'काइते'; 'नोमु' म्हणजे पिणे, त्याचे 'नोन्दे'; 'काउ' म्हणजे विकत घेणे, त्याचे 'कात्ते'; 'हानासु' म्हणजे बोलणे, त्याचे 'हानाशिते'; आणि 'ताबेरु' म्हणजे खाणे, त्याचे सरळ 'ताबेते'. एवढे झाले की त्या रूपाला मराठीतले 'ऊन' समजावे, आणि मग पुढचे दार आपोआप उघडते.

'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे, आणि 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणे. 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणे, 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. पाहुणे येणार म्हणून आपण दूध आधीच 'घेऊन ठेवतो'. जपानी माणूस 'कात्ते ओकु' म्हणतो आणि 'ओकु' म्हणजे ठेवणेच. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे नुसते 'विसरलो' नव्हे, तर 'विसरून बसलो', त्यातल्या चुटपुटीसकट. इंग्रजी पाठ्यपुस्तकात यांतल्या प्रत्येक रचनेसाठी अर्धे पान स्पष्टीकरण असते. आपल्याला एकेक ओळ पुरते. मी विद्यार्थ्यांना सांगते की दिवसभरात घरात बोलली गेलेली 'करून ठेव', 'देऊन टाक', 'विचारून बघ' अशी पाच वाक्ये आठवून रात्री वहीत जपानीत उतरवा. पंधरा दिवसांत हे रूप हाताखालचे होते.

पाचवी पायरी: शब्दांची कार्डे

शब्द एका बैठकीत पाठ होत नाहीत. विसरण्याच्या बेतात असताना ते पुन्हा समोर आले, तर टिकतात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये यासाठी कार्डांच्या पेटीची सोपी रीत लोकप्रिय केली. एका खोक्यात पाच कप्पे करावेत. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात टाकावे, आठवले तर पुढच्या कप्प्यात सरकवावे, न आठवले तर पुन्हा पहिल्यात आणावे. पहिला कप्पा रोज उघडावा आणि पुढचे कप्पे उत्तरोत्तर जास्त दिवसांनी. हेच काम मोबाइलवर करणारे 'आंकी' हे ॲप अनेक जण वापरतात, आणि त्याच्या नावाचा जपानीतला अर्थच 'पाठांतर' असा आहे. रोज दहा नवे शब्द पुरेत. कार्डावर सुटा शब्द न लिहिता लहानसे वाक्य लिहावे, कारण 'बासु' आठवणे सोपे असते, पण त्याला 'दे' लावायचा की 'नि', हे वाक्याशिवाय लक्षात राहत नाही.

नादानुकारी शब्दांची एक वेगळी गड्डी करावी. चाक किंवा डोके गरगरते तेव्हा 'गुरुगुरु', छाती धडधडते तेव्हा 'दोकिदोकि', भांडे चकचकते तेव्हा 'पिकापिका', आणि कोणी परकी भाषा घडाघडा बोलू लागला की 'पेरापेरा'. असे शब्द मराठीत भरपूर असल्यामुळे ते आपल्याला शिकावे लागत नाहीत, नुसते आवडावे लागतात.

सहावी पायरी: कांजी

जपान सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या यादीत २०१० पासून २,१३६ कांजी आहेत. सहा महिन्यांत सुमारे शंभर आल्या, तर वेग उत्तम समजावा. बहुतेक कांजींचे दोन किंवा अधिक उच्चार असतात आणि इथे पुष्कळ जण हताश होतात. त्यांना मी 'पाणी' आणि 'जल' यांचा दाखला देते. आपण 'पाणी द्या' म्हणतो, पण धरणाला 'जलाशय' म्हणतो. वस्तू एकच, सुटी असताना देशी शब्द आणि समासात संस्कृत शब्द. जपानीत पाण्याची कांजी सुटी असताना 'मिज़ु' वाचतात आणि जोडशब्दात चीनहून आलेला 'सुइ' हा उच्चार येतो, जसे 'सुइदोओ' म्हणजे नळाचे पाणी. चिन्ह एकच राहते, एवढाच फरक.

पहिल्या सात कांजी म्हणून सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, सोने आणि माती या घ्याव्यात, कारण त्यांतून वार तयार होतात. 'निचियोओबि' हा सूर्याचा म्हणजे रविवार, 'गेत्सुयोओबि' हा चंद्राचा म्हणजे सोमवार. मंगळाला जपानीत अग्नीचा तारा म्हणतात, म्हणून मंगळवार हा अग्नीचा; बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा आणि शनी मातीचा. ग्रहांचा क्रम आपल्याच पंचांगातला आहे. त्यानंतर जोडून बनलेल्या कांजी घ्याव्यात: झाडाच्या दोन कांजी शेजारी ठेवल्या की राई, तीन ठेवल्या की घनदाट रान, आणि झाडाशेजारी माणूस उभा केला की विश्रांती.

सातवी पायरी: ऐकणे, बोलणे आणि मान राखणे

रोज पंधरा मिनिटे ऐकणे चुकवू नये. एनएचके वर्ल्डच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठीचे जपानीचे धडे हिंदीतूनही आहेत आणि जपान फाउंडेशनचे 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह विनामूल्य उतरवून घेता येते. एकाच संवादाची ध्वनिफीत आठवडाभर चालवावी आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, त्याच चढउतारात म्हणत जावे. स्वयंपाक करताना किंवा चालताना हे सहज होते. आठवड्यातून एकदा स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐकावा. 'ओओ' कुठे तोकडा पडला, ते लगेच कळते.

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट, पाहून कान तयार होतो, याबद्दल दुमत नाही, पण तिथली बोली उचलून वापरू नये. तिथली पात्रे बहुधा एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि कार्यालयातल्या वरिष्ठाला ती भाषा वापरणे म्हणजे त्याला 'ए, बस की' म्हणण्यासारखे होते. सहा महिने केवळ 'मासु'ने संपणारी सभ्य रूपेच बोलावीत. दुसऱ्याच्या नावानंतर 'सान' लावावे, स्वतःच्या नावानंतर कधीही लावू नये. फोनवर 'मी जोशीसाहेब बोलतोय' असे कोणी स्वतःबद्दल म्हणत नाही, तसेच हे.

परीक्षेविषयी थोडक्यात

जपानी भाषा प्राविण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. पुणे आणि मुंबई ही तिची केंद्रे आहेत. 'एन ५' ही सर्वांत खालची पातळी आणि 'एन १' ही सर्वांत वरची. 'एन ५' उत्तीर्ण होण्यासाठी १८० पैकी ८० गुण लागतात, शिवाय भाषाज्ञान आणि वाचनाच्या १२० पैकी ३८, आणि श्रवणाच्या ६० पैकी १९ गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. अनेक जण श्रवणाकडे दुर्लक्ष करून तिथेच अडकतात. या परीक्षेत बोलणे तपासले जात नाही, म्हणून केवळ तिच्या तयारीवर विसंबणारा विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊनही समोरच्या जपानी माणसाशी बोलताना गप्प होतो. नोंदणी काही महिने आधीच होते, त्यामुळे शिकायला लागतानाच तारीख पाहून ठेवावी.

शेवटचे काम: आपली ओळख

सहाव्या महिन्याच्या अखेरीस स्वतःची एका मिनिटाची ओळख लिहावी, शिक्षकांकडून तपासून घ्यावी आणि आरशासमोर नव्हे, तर खऱ्या जपानी माणसासमोर म्हणावी. कंपनीतला सहकारी असो वा ऑनलाइन भेटणारा, मराठी किंवा हिंदी शिकू पाहणारा कोणी जपानी विद्यार्थी असो. आरंभ 'हाजिमेमाशिते' म्हणजे 'प्रथमच भेटतो आहोत' या शब्दाने करावा, मग नाव, गाव, काम आणि आवड अशी चार-पाच वाक्ये म्हणावीत. शेवटी 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' म्हणून किंचित वाकावे. या वाक्याचा अर्थ इंग्रजीत सांगताना शिक्षकांची तारांबळ उडते. आपल्याकडे मात्र तो पत्राच्या शेवटच्या ओळीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला आहे: लोभ असावा, ही विनंती.